सोलापुरात स्वच्छता आणि पुनर्वापराच्या कामात रविवारी मदत करायची आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी सोलापुरात येऊन चार महिने झाले, रविवार मोकळा असतो, तलावाची सफाई, कचरा वेचणं, पुनर्वापर असं काही करणाऱ्यांबरोबर राबायची इच्छा आहे, पण ओळखीचं कुणी नाही. आणि खाली एक ओळ घातलीय: एका माणसाच्या दोन तासांनी काही होतं का?

होतं. मात्र त्या दोन तासांत तुम्ही काय करता त्यावर ते ठरतं. मी अक्कलकोट रोडला शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये हिशेब बघते. गेली सात वर्षं जमेल त्या रविवारी या कामाला जाते. त्यातून जे कळलं ते सांगते.

पहिल्या मोहिमेचं आधी सांगते. कंबर तलाव. पाटीवर धर्मवीर संभाजी तलाव आहे, रिक्षावाल्याला मात्र कंबर तलावच सांगा. सकाळी सहाला आम्ही पन्नास-साठ जण काठावर जमलो. प्रत्येकाच्या हातात नवीकोरी काळी पिशवी. दोन तासांत चाळीसच्या वर पिशव्या भरल्या. पाण्याच्या बाटल्या, फाटकी चप्पल, हार, शिळा भात, काचा, सगळं एकात एक. पिशव्यांचा ढीग रस्त्याकडेला लावला, बॅनर धरून फोटो झाले, पोहे झाले, आणि "गाडी येतेय" म्हणत सगळे घरी गेले. संध्याकाळी मी त्याच वाटेनं परत आले. कुत्र्यांनी पिशव्या फाडल्या होत्या. भात रस्त्यावर, आणि चिप्सची पाकिटं वाऱ्यानं परत पाण्याच्या दिशेनं चाललेली. गाडीला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिथं उभी राहून रडले, खोटं कशाला सांगू.

तेव्हापासून कुठल्याही मोहिमेचा निरोप आला की मी आधी विचारते, गोळा झालेलं जाणार कुठं? कुणाच्या गाडीतून, किती वाजता? याचं नीट उत्तर देणारे लोक सापडले की त्यांच्याबरोबर जा. उत्तर नसेल तर ते उत्तर तुम्ही मिळवून द्या. एकट्या माणसाला करता येण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे. आदल्या गुरुवारी-शुक्रवारी त्या भागाच्या झोन कार्यालयात जायचं, आरोग्य निरीक्षकांना भेटायचं, घंटागाडी किंवा ट्रॅक्टर रविवारी नऊला कुठं लागेल ते ठरवायचं, आणि मुकादमांचा नंबर घ्यायचा. शनिवारी रात्री मुकादमांना एक फोन करायचा. माझा अनुभव असा की मुकादमाला आधी सांगितलं तर गाडी येते. न सांगता ढीग लावला तर त्यांच्या माणसांचा रविवार आपण खातो.

दुसरी गोष्ट मला एका मावशींनी शिकवली. त्या पहाटे पोतं घेऊन भंगार वेचतात. आमच्या तिसऱ्या-चौथ्या मोहिमेला त्या लांबून बघत उभ्या होत्या. मी पाणी दिलं तर म्हणाल्या, "ताई, तुम्ही सगळं एकात टाकलं की आमच्या हाताला काय लागंल?" मग आमच्याच एका पिशवीतला माल त्यांनी जमिनीवर ओतला आणि दहा मिनिटांत सात ढीग केले. पाण्याची पारदर्शक बाटली टाचेखाली चेपायची, करकर वाजते. झाकण वेगळं, कारण ते दुसऱ्या प्लास्टिकचं. शाम्पूचे, फिनाईलचे जाड डबे वेगळे. दुधाची पिशवी वेगळी. पुठ्ठा, पत्रा, काच. मग त्यांनी चिप्सचं पाकीट मुठीत आवळलं आणि सोडलं. ते हळूहळू परत उलगडलं. "हे कुणी घेत नाही," म्हणाल्या. त्या पाकिटात प्लास्टिकचे थर आणि धातूचा मुलामा एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातं. बाटलीचं उलट आहे. तिचा चुरा होतो आणि चुऱ्यापासून पॉलिस्टरचा धागा निघतो. आम्ही दिवसभर ज्या टेरीकॉटवर कात्री चालवतो त्यात पॉलिस्टरच असतं, हे माहीत असूनही मला ती बाटली आणि तो तागा एका ओळीत कधी दिसले नव्हते.

चिखलानं, खरकट्यानं माखलेल्या प्लास्टिकचा भाव पडतो, पुठ्ठा भिजला की गेलाच. म्हणून वेगळं करायचं ते उचलतानाच. दोघांची जोडी करा आणि जोडीला दोन पोती द्या, एक भंगारात जाणाऱ्यासाठी आणि एक न जाणाऱ्यासाठी. पोती सिमेंटची रिकामी, बांधकामावर मागितली तर देतात. नव्या प्लास्टिक पिशव्या विकत आणू नका. काच आणि इंजेक्शनच्या सुया यांना हात लावायचा नाही. त्यासाठी चिमटा आणि जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा ठेवा, आणि हे काम मोठ्या माणसानंच करायचं. हातमोजे तळव्याला रबर लावलेले घ्या. डॉक्टरकडचे पातळ मोजे काचेपुढे टिकत नाहीत. भंगारात जाणारी पोती त्या मावशींना, त्यांच्या बरोबरच्या बायकांना द्या. त्यांची आठवड्याची कमाई आपण हौसेनं उचलून न्यायची नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आता त्या आमच्या मोहिमेला येतात आणि नव्या पोरांना ढीग लावायला शिकवतात. त्या सकाळी सगळे त्यांचंच ऐकतात.

तलावाबद्दल एक समजून घ्या, म्हणजे निराश होणार नाही. कंबर तलावात जलपर्णी दिसली की लोकांना ती उपटावीशी वाटते. उपटा, पण ती वाढते सांडपाण्यावर. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद तिचं खत. ते मिळत राहिलं तर पंधरा दिवसांत दुप्पट होऊ शकते. शिवाय पाण्यानं भरलेली जलपर्णी इतकी जड असते की दोन माणसांनी ओढलेला गठ्ठा आणखी दोघांनी हात लावल्याशिवाय काठावर येत नाही. काढून काठावरच टाकली तर कुजून तेच खत परत पाण्यात. दोन-तीन दिवस उन्हात निथळू द्यायची आणि लांब नेऊन खड्ड्यात कंपोस्टला घालायची. आणि सांडपाण्याचा नाला तलावाला कुठं येऊन मिळतो त्याचे फोटो, तारीख, जागा लिहून महापालिकेकडे अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला माणसं मिळत नाहीत. तुम्हाला कागदपत्रांची सवय असेल तर इथं तुमची फार गरज आहे.

सणांचे दिवस सोलापुरात या कामाचे खरे दिवस. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, आपण गड्डा म्हणतो. सात नंदीध्वज निघतात, होम मैदानावर पाळणे, खेळणी, खाऊची दुकानं. तुम्ही पहिल्यांदाच बघणार असाल तर आधी यात्रा बघा, भाविकांच्या गर्दीत पोतं घेऊन फिरू नका. काम दुकानदारांकडे करायचं. रोज रात्री दुकान बंद व्हायच्या वेळी दोन डबे घेऊन जायचं, एकात उष्टं आणि सालं, दुसऱ्यात सुकं. कागदी चहाचे कप रद्दीत टाकू नका, त्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो, रद्दीवाला घेत नाही. दुकानदार पहिल्या रात्री दुर्लक्ष करतात, तिसऱ्या रात्री स्वतः हाक मारतात.

गणपतीत गणपती घाटावर निर्माल्याचं काम असतं. ते दिसायला सोपं, पण फुलांच्या हारातून नायलॉनचा दोरा, जरीची फीत, थर्माकोलचे मणी काढायला फार वेळ जातो, आणि ते न काढता खड्ड्यात घातलं तर वर्षानंतर मातीत तेच दोरे सापडतात. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या घरगुती मूर्तीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं काढलेली एक पद्धत आहे: बादलीत पाणी घेऊन त्यात अमोनियम बायकार्बोनेट घालायचं आणि मूर्ती त्यात विसर्जित करायची. लहान मूर्ती साधारण 48 तासांत विरघळते, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट तयार होतं, ते पाणी भरपूर पातळ करून झाडांना खत म्हणून चालतं, आणि तळाशी खडूसारखा गाळ उरतो. आमच्या गल्लीत तीन घरांनी केलं. आजींना बादलीत विसर्जन पटत नव्हतं, मग आम्ही नवी बादली आणली, हळद-कुंकू लावलं, अंगणात आरती केली. शाडूची मूर्ती आणली तर हा प्रश्नच येत नाही, पण ज्यांच्या घरी आधीच प्लास्टरची आली आहे त्यांना वाट दाखवायला हवी.

आता भाषेचं. तुम्ही सोलापूरचे नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. पूर्व भागात, विडी घरकुल वसाहतीत घरोघरी ओला-सुका सांगायला जाल तेव्हा नुसत्या मराठीनं काम अर्धं होतं. तिथल्या बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, "तडि चेत्ता, पोडि चेत्ता" म्हटलं की विडी वळणारी आजी मान वर करते. कन्नड घरात "हसी कस, ओण कस". उर्दू बोलणाऱ्या घरात "गीला, सूखा" पुरतं. मी हे शब्द आमच्या युनिटमधल्या शिलाई करणाऱ्या बायकांकडून शिकले. उच्चार चुकला की त्या हसून दुरुस्त करतात, आणि तिथूनच बोलणं सुरू होतं. दुपारी दोन ते चार ही वेळ घरोघरी जायला बरी. नळाला पाणी यायच्या दिवशी मात्र अजिबात जाऊ नका. इथं पाणी रोज येत नाही, त्या दिवशी बायकांना बोलायला उसंत नसते. नियमांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायला सांगितलाय, ते खरंच आहे, पण दारात उभं राहून नियम वाचून दाखवला तर दार लागतं. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण न कापता लटकता ठेवा, म्हणजे तो चिमुकला तुकडा गटारात जात नाही, एवढं एक दाखवलं तर पुढच्या वेळी त्या स्वतः काहीतरी दाखवतात.

आमच्या धंद्यातलंही सांगते, कारण सोलापूर कापडाचं गाव आहे आणि इथला कचराही कापडाचा आहे. कटिंग झालं की टेबलाखाली कातरण पडते. सुती चिंध्या गॅरेजवाले पुसायला घेतात. टेरीकॉटच्या बारीक पट्ट्यांना गिऱ्हाईक नाही. मोठे तुकडे मात्र आम्ही बाजूला ठेवतो आणि महिन्यातून एक रविवार त्यांच्या पिशव्या शिवतो. लक्ष्मी मंडईतल्या भाजीवाल्या मावशींना त्या वीस-पंचवीसच्या गठ्ठ्यानं देतो. राज्यात 2018 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, पहिल्यांदा सापडलं तर 5000 रुपये दंड. पण गिऱ्हाईक रिकाम्या हातानं आलं तर ती बाई कोथिंबीर कशात बांधणार? तिच्या बाजूनं बघितल्याशिवाय तिला दोष द्यायचा मला अधिकार वाटत नाही. तुम्हाला मशीन येत नसेल तर हरकत नाही, पट्ट्या लावायला, नाडा ओवायला हात लागतातच.

झाडं लावायची मोहीम जुलैत कुठंही मिळेल. तिथं जा, पण त्याच आयोजकांना विचारा की मार्च ते मे पाणी कोण घालणार. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो आणि टँकर विकत घ्यावा लागतो. शंभर रोपं लावून विसरण्यापेक्षा दहा कडुलिंब नाहीतर करंज दत्तक घेतलेले चांगले. आणि सोलापूरजवळच्या नान्नज गावाच्या बाजूला किंवा कुठल्याही मोकळ्या माळावर "ओसाड आहे" म्हणून झाडं लावायला कुणी नेत असेल तर जाऊ नका, त्यांनाही समजावून सांगा. गवताळ माळ ओसाड नसतो. माळढोक पक्ष्याला उघडं रान लागतं, म्हणूनच 1979 मध्ये तिथं अभयारण्य झालं. लांडगे, काळवीट, धाविक पक्षीही त्या गवताळ माळावरच जगतात.

माणसं कुठं भेटतील? कॉलेजांतली राष्ट्रीय सेवा योजना हा सगळ्यात सोपा दरवाजा. त्यातल्या मुलांना वर्षाला 120 तास काम करायचं असतं, आणि कार्यक्रम अधिकारी बाहेरच्या मोठ्या माणसाला सहसा नाही म्हणत नाहीत. तुमच्या नगराचं गणेश मंडळ हा दुसरा दरवाजा. मंडळाची पोरं रात्रभर मंडप बांधू शकतात, तर त्यांना दोन तास तलावाकाठी आणणं अवघड नाही, कुणीतरी नीट बोलवायला हवं.

मोठ्या मोहिमेची वाट बघत बसू नका. येत्या रविवारी सकाळी सहाला कंबर तलावाच्या काठानं एकदा नुसते चालून या, पोतं न घेता. कुठं काय पडतं, वेचणाऱ्या बाया कुठल्या वाटेनं येतात, नाला कुठं मिळतो, ते वहीत लिहा. पाणी घरून न्या, डोक्याला टोपी घाला, नऊच्या आत परता. मग इथंच खाली लिहा काय दिसलं ते, आमची पुढची सकाळ कुठं आहे ते मी कळवते.