थुंकीवरून किडनी कळते का?

प्रश्न : डॉक्टरबाई, माझे बाबा ६३ वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. शुगर जुनी, बीपीची गोळी सुरू. मागच्या वेळी किडनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.८ आलं. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं म्हटलं की घरात महाभारत होतं. शीर सापडत नाही, दोन-तीनदा टोचतात. थुंकीत बुडवायची स्वस्त पट्टी निघाली आहे, मोबाइलने फोटो काढला की किडनीचं समजतं, असा व्हिडिओ भावाने पाठवला. ती आणून रक्ततपासणी बंद केली तर चालेल का?
– एक वाचक, महाल

उत्तर : बाबा खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला) खातात का, ते तुम्ही लिहिलं नाही. इतकी वर्षं नागपुरात लॅब चालवली, त्यामुळे थुंकीचं नाव निघालं की मी आधी हेच विचारते. का, ते सांगते.

व्हिडिओ निव्वळ थाप नाही. युरिया म्हणजे किडनी लघवीवाटे बाहेर टाकते तो कचरा. त्याचा कण लहान, तो रक्तातून लाळेत सहज उतरतो. किडनी थकली की रक्तात युरिया साचतो, तसा लाळेतही वाढतो. जुने डॉक्टर अशा पेशंटच्या श्वासाला येणारा उग्र दर्प ओळखायचे, तो याच युरियापासून तोंडात बनलेल्या अमोनियाचा. पट्टीवर युरिएज नावाचं एन्झाइम असतं (आपल्याकडच्या सोयाबीनमध्येही ते भरपूर असतं). ते युरियाचा अमोनिया करतं, पट्टी अल्कधर्मी होते आणि तिच्यावरचा रंग बदलतो. दिल्लीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये तो रंग मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोजून दाखवला. आफ्रिकेत मलावीतल्या एका हॉस्पिटलात तर लाळेची पट्टी प्रत्यक्ष पेशंटवर वापरून पाहिली. किडनी अचानक बंद पडलेले लोक तिने बऱ्यापैकी ओळखले. जिथे लॅबच नाही, तिथे ही मोठी सोय.

पण खर्ऱ्यात चुना असतो, आणि चुना अल्कधर्मी. त्यात सुपारीची लाली. खर्रा थुंकून लगेच पट्टी लावली तर तुम्ही किडनी तपासताय की पानठेला, सांगता येणार नाही.

समजा, बाबा खर्ऱ्याला शिवतही नाहीत. तरी या पट्टीचा खरा उपयोग युरिया खूप चढल्यावर. ६३ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.८ म्हणजे किडनीचं गाळण्याचं काम (रिपोर्टवर ‘ईजीएफआर’ लिहितात ते) साधारण ४२ वर आलेलं. ६० च्या खाली तीन महिने राहिलं की आम्ही त्याला जुना किडनीविकार म्हणतो. तिथून ते ३५ वर घसरलं, तर पट्टी मुकाट बसू शकते. उलट मे महिन्यात उन्हातून आले, पाणी कमी प्यायले, की किडनी आहे तशीच असूनही युरिया वर जाईल. क्रिएटिनिन लाळेत फारच थोडं उतरतं, म्हणून तिथे पकडणं कठीण. तेव्हा रक्त बंद करायचं नाही.

सुईशिवायची एक तपासणी मात्र खरंच आहे आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही : लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे लघवीतून अल्ब्युमिन हे प्रोटीन किती जातं ते. शुगरवाल्याची किडनी किती वेगाने खराब होईल, याचा अंदाज त्यावरून येतो. ३० च्या (मिलिग्रॅम/ग्रॅम) वर असेल तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि ड्रायव्हरकी केलेल्या माणसाची कंबर दुखणारच. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या घेतात का, तेही बघा. त्या किडनीला घातक.

आता टोचण्याचं. आदल्या रात्री सावजी मटण नको, त्याने क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं. नुसत्या क्रिएटिनिनला उपाशी राहावं लागत नाही, पाणी पिऊन जा. हात कोमट पाण्याने शेकून घ्या. लॅबवाल्याला बारीक सुईने, हाताच्या पंजाच्या मागच्या शिरेतून रक्त घ्यायला सांगा, कोपरापासून मनगटापर्यंतच्या शिरा सोडा म्हणा. बाबांना हे लगेच सांगायची गरज नाही, पण पुढे कधी डायलिसिसची वेळ आली तर त्याच शिरा लागतात. ज्या हाताने ते लिहीत नाहीत, तो हात विशेष जपायचा.