जादूची तलवार लढाईत तुटू शकते का?

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फासे टाकून, गोष्ट रंगवत खेळायच्या खेळात ओगर नावाच्या राक्षसाने तुमची +२ लाँगसोर्ड (जादूची लांब तलवार, +२ हा तिच्या जादूचा दर्जा) एका फटक्यात तोडली, हे नियमात बसतं का असं विचारलंय, तर ते नियमांच्या कुठल्या एडिशनने (आवृत्तीने) खेळता त्यावर आहे. डी अँड डी ३.५ मध्ये शस्त्रावरच वार करायचा नियम आहे, संडर म्हणतात, दोघांनी अटॅक रोल (हल्ल्याचा फासा) टाकायचा, वार करणाऱ्याचा जास्त आला की डॅमेजमधून हार्डनेस (शस्त्राचा टणकपणा) वजा आणि उरलेलं शस्त्राच्या हिट पॉइंट्समधून जातं, ते शून्यावर आले की शस्त्र तुटतं. साध्या लाँगसोर्डला हार्डनेस १०, हिट पॉइंट्स ५, पण दर +१ मागे हार्डनेस २ ने अन् हिट पॉइंट्स १० ने वाढतात, म्हणजे तुमची १४ आणि २५, एका फटक्यात ३९ डॅमेज लागेल, विचारा डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) खरंच एवढं झालं का!

पाचव्या एडिशनच्या २०१४ च्या नियमांत जादूच्या बहुतेक वस्तूंना सगळ्या डॅमेजला रेझिस्टन्स, म्हणजे निम्मंच लागतं.

आम्ही नाशिकला गंगापूर रोडला मित्राकडे रविवारी खेळतो, तिथे ठरलंय की शस्त्र तुटायचा धोका असेल तर डीएम आधी सांगणार, कारण सहा महिने जपलेली तलवार अशी गेली की पोरगं टेबलावर गप्पच बसतं, बघवत नाही ते. तुकडे मात्र टाकू नका, ते जोडून देणारा लोहार शोधायला निघा पुढच्या सेशनला.