फॅट घसरली, प्रथिने अडली: गव्हाणीत नेमके काय बदलावे?

दुधाची फॅट आणि प्रथिने वाढवण्याबद्दल जे प्रश्न वारंवार येतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

प्रश्न: दूध भरपूर आहे, पण फॅट 3.2 च्या पुढे सरकत नाही. टक्का वाढवायला काय द्यावे?

काही देण्याआधी हिशोब टक्क्यात न करता किलोत करा. 20 किलो दूध आणि 3.2 फॅट म्हणजे दिवसाला 640 ग्रॅम फॅट. तीच गाय खुराक तोडल्यामुळे 17 किलोवर आली आणि फॅट 3.7 लागली, तर हातात येते 629 ग्रॅम. टक्का चढला, माल घटला. प्रथिनांचे नुकसान त्याहून मोठे: 3.1 टक्क्याने 620 ग्रॅम होती ती 3.2 टक्क्याने 544 ग्रॅमवर आली. दूध आटवून वाढवलेली फॅट ही वाढ नव्हे. दूध टिकवून दोन्ही घटकांचे ग्रॅम वाढले, तरच पदरात काही पडते.

दुसरे म्हणजे फॅट एकटी पाहू नका, शेजारी प्रथिनांचा आकडा मांडा. होल्स्टीन आणि तिच्या संकरित गाईंत फॅटला प्रथिनांनी भागले की साधारण 1.1 ते 1.25 यायला हवे. 1 च्या खाली आले, म्हणजे फॅट प्रथिनांपेक्षाही कमी, तर कोठीपोटात (चारा आंबतो तो पोटाचा मोठा कप्पा) आम्लता वाढल्याचा संशय घ्या. व्याल्यानंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत 1.4 च्या वर गेले, तर गाय अंगावरची चरबी जाळून दूध देते आहे. जर्सीत हे प्रमाण मुळातच थोडे जास्त असते. म्हशीत फॅट 7 आणि प्रथिने 4 च्या आसपास असल्याने हा नियम म्हशीला लावू नका.

तपासणीत फक्त एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, मिळत असेल तरी चालते. एसएनएफमधला लॅक्टोज (दुधातली साखर) हा दुधाच्या साधारण 4.7 ते 4.8 टक्के असतो आणि तो खाद्याने फारसा हलत नाही. निरोगी गाईचा एसएनएफ खाद्यामुळे वरखाली होतो, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा प्रथिनेच असतात.

प्रश्न: फॅट 3.1, प्रथिने 3.2. हिरवा चारा भरपूर आहे, खुराकही चांगला आहे. मग चुकते कुठे?

3.1 ला 3.2 ने भागले तर 0.97 येते. खुराकाचा दर्जा उत्तम असेल, अडचण तंतूची आणि वाटपाची आहे. दुधातली जवळपास निम्मी फॅट कासेत तयार होते आणि तिचा कच्चा माल म्हणजे कोठीपोटात तंतू (चाऱ्यातला रेषेदार भाग) आंबून बनणारे अॅसिटेट. तंतू कमी पडला किंवा फार बारीक झाला की रवंथ कमी होते, लाळ कमी सुटते आणि आम्ल मारायला लाळेतला सोडा पुरत नाही. आम्लता वाढली की तंतू पचवणारे जिवाणू मागे पडतात. शिवाय खाद्यातल्या तेलापासून अशी काही मेदाम्ले तयार होतात की ती कासेतली फॅटनिर्मितीच दाबतात. म्हणून दूध आणि प्रथिने जागेवर राहतात आणि एकटी फॅट कोसळते.

कोवळा हिरवा चारा दिसायला ढीगभर असतो, पण त्यात 80 टक्क्यांहून जास्त पाणी असू शकते. मोजायचे ते कोरडे वजन. 500 किलो वजनाच्या, 20 लिटर दूध देणाऱ्या गाईला दिवसाला सुमारे 16 ते 17 किलो शुष्क पदार्थ लागतो. एक जमणारी जुळणी अशी: मक्याचा मुरघास 15 किलो, लसूणघास किंवा तत्सम द्विदल हिरवा चारा 10 किलो, वाळलेली वैरण 3 किलो आणि खुराक 8 किलो. यात चाऱ्यातून साधारण 9 किलो आणि खुराकातून 7 किलोच्या थोडे वर शुष्क पदार्थ मिळतो. खुराकाचा वाटा निम्म्याच्या आत राहतो, हे महत्त्वाचे. तो 60 टक्क्यांवर गेला की फॅट सांभाळणे अवघड होते.

आता वाटप. हाच 8 किलो खुराक धारेच्या वेळी चार-चार किलोने दोनदा घातला, तर कागदावर सगळे बरोबर असूनही फॅट पडेल. एका वेळी 2 ते 2.5 किलोच्या वर जाऊ नका, चार वेळा विभागा आणि आधी वैरण, मग खुराक हा क्रम पाळा. कुट्टी 2 ते 4 सेंटीमीटरची ठेवा. कुट्टी यंत्राची पाती बारीक लावून पिठासारखा भुगा केला की गाय भराभर खाते, पण रवंथ करत नाही. उलट फार लांब तुकडे ठेवले तर गाय खुराक वेचून खाते आणि वैरण सारून ठेवते. खाद्य टाकल्यावर दोन-तीन तासांनी गव्हाणीत बघा. नुसते दांडे उरले असतील तर पुढच्या वेळी मिश्रणावर पाणी शिंपडा.

गाई निवांत बसल्या असताना मोजा: निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसल्या पाहिजेत, आणि रवंथाचा एक घास त्यांनी 50 ते 60 वेळा चावला पाहिजे. शेण पातळ, फेसाळ आणि त्यात आख्खे दाणे, ही आम्लतेची खूण.

खाण्याचा सोडा रोज 100 ते 150 ग्रॅम खुराकात मिसळून द्या. सोबत मॅग्नेशियम ऑक्साइड 40 ते 50 ग्रॅम दिल्यास परिणाम बरा मिळतो. मात्र तंतू न वाढवता नुसता सोडा चारत राहणे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणे. खाद्यातला कोणताही बदल 10 ते 14 दिवसांत हळूहळू करा. मूळ कारण दूर झाल्यावर फॅट सावरायलाही साधारण दोन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी आकडा हलला नाही म्हणून पुन्हा नवे काही सुरू करू नका.

प्रश्न: तेल पाजले तर फॅट वाढते का? बायपास फॅट द्यावी का?

तेल पाजू नका. सुटे तेल कोठीपोटात तंतूवर थर धरते, जिवाणूंना मारक ठरते आणि वर सांगितलेली फॅट दाबणारी मेदाम्ले वाढवते. एकूण खाद्याच्या शुष्क भागात मेद 6 टक्क्यांपर्यंतच ठेवा. आख्खी सरकी वेगळी: तिचे तेल हळू सुटते आणि तंतूही मिळतो, म्हणून मोठ्या गाईला दिवसाला दीड-दोन किलोपर्यंत चालते. बुरशी लागलेली सरकी मात्र कधीच नको, बुरशीचे विष (अफ्लाटॉक्सिन) दुधात उतरते.

बायपास फॅट, म्हणजे कोठीपोटात न विरघळता पुढे जाऊन पचणारी फॅट, ताज्या व्यालेल्या, जास्त दुधाच्या गाईला 150 ते 300 ग्रॅम द्यावी. ती सगळ्या कळपाला घालणे हा उधळेपणा आहे. त्यातून ऊर्जा मिळते, बऱ्याचदा दूधही वाढते, पण प्रथिनांचा टक्का दशांश-अर्धा दशांश खाली येऊ शकतो. तुम्हाला प्रथिनांवर पैसे मिळत असतील तर हे आधी तोलून बघा.

प्रश्न: फॅट 3.9 पण प्रथिने 2.8. पेंड वाढवली तरी फरक नाही.

पेंडेने फरक पडणार नाही, कारण कमतरता बहुधा ऊर्जेची आहे. दुधातल्या प्रथिनांसाठी लागणाऱ्या अमिनो आम्लांचा मोठा भाग कोठीपोटात वाढणाऱ्या जिवाणूंकडून येतो. त्यांना वाढायला नत्र आणि आंबणारी पिष्टमय ऊर्जा एकाच वेळी हवी. नुसती पेंड ओतली तर नत्राचा अमोनिया होतो, यकृत त्याचा युरिया करते आणि तो मूत्रात व दुधात जातो. महाग प्रथिन वाया जाते आणि त्या युरियाची विल्हेवाट लावण्यातही गाईची ऊर्जा खर्च होते.

दुधातला युरिया नत्र तपासता आला तर नेम अचूक बसतो. 100 मिलिलिटरमध्ये 10 ते 14 मिलिग्रॅम ठीक. 16 च्या वर गेला तर प्रथिन जादा आहे किंवा ऊर्जा कमी आहे; 8 च्या खाली असेल तरच पेंड वाढवण्यात अर्थ. एरवी पेंडेतला काही भाग काढून त्या जागी मक्याचा भरडा द्या. दाणा आख्खा देऊ नका, शेणात जातो. पीठही करू नका, झपाट्याने आंबते. एकूण खाद्यात प्रथिन 16 ते 17 टक्के असले की बहुतेक दुभत्या गाईंना पुरते.

या प्रश्नातले प्रमाण 1.39 येते. ताज्या व्यालेल्या गाई असतील तर बरगड्या आणि कमरेची हाडे बघा. अंगावरची चरबी जोखण्याच्या पाच गुणांच्या मापावर विताना गाय 3 ते 3.25 असावी. भाकड काळात लठ्ठ केलेली गाय व्याल्यावर खाणे सोडते, चरबी जाळते, फॅट उंच दिसते आणि गोठामालक खूश होतो. खरे तर ती केटोसिसच्या (चरबी जाळल्याने रक्तात किटोन साचण्याचा आजार) उंबरठ्यावर असते. अशा गाईची मूत्रातील किटोनची तपासणी पशुवैद्यकाकडून लगेच करून घ्या.

उन्हाळ्यात दोन्ही घटक एकदम पडतात, कारण गाय खाणेच कमी करते. जास्तीत जास्त चारा पहाटे आणि रात्री टाका, सावली द्या आणि पाणी चोवीस तास समोर ठेवा.

प्रश्न: गाय तीच, खाद्य तेच, तरी रोज फॅट वेगळी का लागते?

पहिल्या धारेत फॅट 1 ते 2 टक्के आणि शेवटच्या धारेत 6 ते 10 टक्क्यांपर्यंत असते. कास अर्धवट सोडली, किंवा शेवटचे दूध वासराला पाजले, की विक्रीच्या दुधातली फॅट गेली. वासराला पहिल्या धारेचे दूध पाजा. दोन धारांतले अंतर 14 आणि 10 तास असेल तर लांब अंतरानंतरच्या धारेत दूध जास्त व फॅट कमी लागते. अंतर शक्य तितके 12-12 तासांवर आणा.

नमुना घेताना दूध एका भांड्यातून दुसऱ्यात दोन-तीनदा ओता. वरवर डाव बुडवून घेतलेला नमुना मलईचा असतो, तळाच्या तोटीचा पाणचट. लॅक्टोमीटर (दुधाची घनता मोजणारे यंत्र) धार काढल्या काढल्या लावू नका: हवेचे बुडबुडे आणि वितळलेली फॅट यामुळे तो कमी दाखवतो. दूध थंड होऊ द्या, यंत्रावर नोंदलेल्या तापमानाला मोजा.

महिन्यातून एकदा प्रत्येक गाईचा सकाळ-संध्याकाळचा नमुना दुधाच्या प्रमाणात मिसळून वेगळा तपासा. टाकीतला एकत्र आकडा 3.6 असला तरी त्यात 2.9 ची गाय लपलेली असू शकते. आकडा वाचताना व्याल्यानंतरचे दिवसही लिहा. दूध सर्वांत जास्त असते त्या दुसऱ्या महिन्याच्या आसपास दोन्ही घटक तळाला असतात, नंतर चढतात. त्यामुळे 45 दिवसांच्या गाईची तुलना 250 दिवसांच्या गाईशी करणे चूक आहे. एखाद्या गाईचा एसएनएफ अचानक पडला तर आधी कास तपासा. कासदाहात लॅक्टोज आणि केसीन (दुधातले मुख्य प्रथिन) घटते, एकूण प्रथिनांचा आकडा मात्र फसवा राहतो, कारण रक्तातली प्रथिने दुधात झिरपतात.

प्रश्न: चांगल्या फॅटच्या वळूची रेतमात्रा वापरून फायदा किती दिवसांत?

साधारण तीन वर्षांनी. गाभणकाळ नऊ महिने, मग कालवड पहिल्यांदा विण्यास आणखी दोन ते अडीच वर्षे. पण हा बदल कायमचा असतो आणि फॅट-प्रथिनांचे टक्के दूध उत्पादनापेक्षा जास्त प्रमाणात वारशाने उतरतात. वळू निवडताना नुसता फॅटचा टक्का पाहू नका, कारण अनेकदा टक्का वाढला की दूध घटते. ज्याच्या मुलींच्या नोंदीत फॅट आणि प्रथिने दोन्ही किलोतही अधिक आणि टक्क्यातही अधिक आहेत, तोच घ्या. तशी नोंद उपलब्ध नसेल तर आपल्याच गोठ्यातल्या वर्षभराच्या नमुन्यांवरून वरच्या गाई ठरवा आणि कालवडी त्यांच्याच ठेवा.