आईला सांगता येणार नाही, मग आम्हाला कसं कळणार?

तुम्ही विचारलंय की स्मृतिभ्रंश असलेल्या आईला आता संस्थेत ठेवावं लागणार आहे. जागा सुरक्षित आहे हे कसं पारखायचं, आणि तिथे तिला त्रास झाला तर तिला तो सांगता येणार नाही, मग तुम्हाला कसं कळणार. दुसऱ्या भागापासून सुरुवात करते, कारण माझ्या बाबांच्या वेळी मी तिथेच चुकले.

पहिल्या संस्थेत बाबा सात महिने होते. आम्ही दर रविवारी सकाळी अकराला जायचो. ते अंघोळ करून, धुतलेल्या कपड्यांत, खुर्चीत बसलेले असायचे. एका बुधवारी कामावरून सुटून रात्री आठला न कळवता गेले. डायपर ओला गच्च, जीभ कोरडी, आणि पायमोजा काढला तर टाचेवर काळी पडलेली जखम. सात महिन्यांत मी त्यांचा पायमोजा एकदाही काढून पाहिला नव्हता.

म्हणून आधी हे सांगते: भेटायला गेलात की आईचं अंग बघा. केस विंचरायला, तेल लावायला, कपडे बदलायला स्वतः घ्या, म्हणजे तिलाही संकोच वाटणार नाही. माकडहाड, खुबे आणि टाचा नक्की बघा, कारण बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा, तिथेच सुरू होतात. सुरुवातीला नुसता लालसर डाग असतो, पण बोटाने दाबला तरी पांढरट होत नाही. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे भाग गरम, कडक किंवा आजूबाजूपेक्षा गडद लागतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, आणि त्याची नोंद वहीत असायला हवी. ती वही मागा. शेवटच्या दिवसांत चांगली काळजी घेऊनही जखमा होऊ शकतात, हे खरं आहे. पण जखम झाली हे तुम्हाला संस्थेने सांगायला हवं, तुम्ही शोधून काढायला नको.

काळ्यानिळ्या डागांनी लगेच घाबरू नका. म्हातारपणी कातडी पातळ होते, त्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर नुसता धक्का लागूनही हातापायांवर डाग उठतात. पण मान, कान, छाती, मांडीची आतली बाजू इथले डाग, दंडावर बोटांसारख्या खुणा, दोन्ही मनगटांवर सारखेच वळ दिसले तर कारण विचारल्याशिवाय उठू नका. प्रत्येक जण वेगळं कारण सांगत असेल तर तीच मोठी खूण समजा. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे मात्र खात्रीने सांगता येत नाही.

वजन दर महिन्याला विचारा. महिन्यात 5 टक्के, म्हणजे 60 किलोच्या माणसाचं 3 किलो वजन उतरलं, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आणि आई सतत पेंगुळलेली दिसू लागली तर औषधांची यादी मागा. माणूस शांत राहावा म्हणून गुंगीची औषधं देणं हाही छळच आहे. स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांमध्ये नव्या पिढीच्या अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमांवर देतात त्या, औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिला होता. अचानक वाढलेला गोंधळ लघवीच्या संसर्गामुळेही असू शकतो, म्हणून तपासणी आधी, आरोप नंतर.

हे सगळं मी कशाला सांगते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, संस्थांमधल्या दर तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी वर्षभरात आपल्या हातून वृद्धांशी गैरवर्तन झाल्याचं स्वतः सांगितलं आहे. यात ओरडणं, अपमान, दुर्लक्ष हेही धरलं आहे. हे लोक राक्षस नसतात. रात्री एकट्याने खूप जणांना सांभाळणारा थकलेला माणूस काय करेल, याचा विचार करा.

त्यामुळे जागा निवडताना मी पहिला प्रश्न विचारते: रात्री किती जण असतात आणि त्यांच्याकडे किती रुग्ण? नुसत्या उत्तरावर विसंबू नका, संध्याकाळनंतर एकदा जाऊन या. कोणी बेल वाजवली की घड्याळ बघा. मावशींना सहज विचारा, इथे किती वर्षं आहात? सगळेच दोन-तीन महिन्यांचे निघाले तर मी ती जागा सोडून देईन. बाग, टीव्ही, रंगवलेल्या भिंती यांना मी काडीचं महत्त्व देत नाही. ‘पहिले पंधरा दिवस भेटायला येऊ नका, रुळू दे त्यांना’ असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. पैशांच्या किंवा कोऱ्या कागदावर आईचा अंगठा, सही कोणालाही घेऊ देऊ नका.

संशय आलाच तर भांडण करून परत येऊ नका, कारण तुमच्या मागे आई तिथेच असते. तारखेसह फोटो काढा, बाहेरच्या डॉक्टरांकडून तपासून लेखी नोंद घ्या, तक्रार लेखी द्या. मारहाण किंवा लैंगिक छळाची शंका असेल तर आधी तिला तिथून रुग्णालयात हलवा आणि पोलिसांना कळवा.

आणखी एक. बाबा अधूनमधून म्हणायचे, ‘तो उंच माणूस रात्री हात पिरगाळतो.’ आम्ही त्याला भास म्हणून सोडून दिलं. रात्रपाळीला खरंच एक उंच अटेंडंट होता, हे मला नंतर कळलं. स्मृतिभ्रंशात नावं चुकतात, दिवस चुकतात, पण म्हणून सांगितलेलं सगळं खोटं नसतं. आईने असं काही सांगितलं तर तिला दुरुस्त करू नका. कर्मचारी जवळ नसताना शांतपणे ऐका आणि तिच्याच शब्दांत, तारीख घालून, त्याच दिवशी लिहून ठेवा.