एआयला ‘तान्हा पोळ्याचा लाकडी बैल’ सांगितला तर तो जिवंत बैलच काऊन काढते?

भाऊ, हेच माझ्यासोबतही झालं. नागपूरच्या महाल भागात माझं फ्लेक्स-बॅनरचं छोटंसं काम आहे, मागच्या पोळ्याला एकाला बॅनर पाहिजे होतं, मी लिहिलं ‘लाकडी बैल घेऊन उभा असलेला पोरगा’ आणि आलं काय तर धष्टपुष्ट जिवंत बैल आन् बाजूला हातात लाकूड घेतलेलं पोरगं! शब्द सगळे पोचले, फक्त कोणता कोणाला लावायचा ते त्याला समजलं नाही.

चूक मुळात शिकवणीत आहे. चित्र काढणारं एआय मॉडेल इंटरनेटवरचे फोटो आणि त्यांच्यासोबतचा मजकूर यांच्या जोड्यांवर शिकते, २०२२ च्या लायऑन-५बी नावाच्या साठ्यात अशा सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. आता तुम्हीच सांगा, पोराचा तान्हा पोळ्याचा फोटो टाकताना आपण खाली काय लिहितो? ‘हॅपी तान्हा पोळा’, बस. बैल लाकडाचा आहे, खाली चाकं आहेत, शिंगांना बेगड आहे, हे कोण लिहून राहिलं? मग ते शिकणार कुठून. वरून स्टेबल डिफ्यूजन या चित्र काढणाऱ्या एआयच्या सुरुवातीच्या व्हर्जनमध्ये मजकूर वाचणारा क्लिप नावाचा भाग होता, तो मुख्यतः इंग्रजीवर शिकलेला आणि एका वेळी ७७ टोकनच (म्हणजे शब्दांचे तुकडे) घेते, देवनागरीचे तर इतके तुकडे पडतात की एका लांब वाक्यातच कोटा खतम.

सुधारणा झाली ती दोन बाजूंनी. २०२२ मध्ये गुगलच्या इमेजन या चित्रवाल्या एआयच्या टीमला दिसलं की चित्र काढणारा भाग वाढवण्यापेक्षा भाषा समजणारा भाग मोठा केला तर जास्त फायदा होते. आणि २०२३ मध्ये डॅल-ई ३ या आपल्या चित्रवाल्या मॉडेलसाठी ओपनएआयने आधी फोटो पाहून वर्णन लिहिणारं वेगळं मॉडेल बनवलं, त्याच्याकडून लांबलचक मजकूर लिहून घेतला आणि शिकवताना ९५ टक्के तोच वापरला. माझ्या मते खरा फरक इथंच पडला.

तुम्ही काय कराल? सणाचं नाव सोडा, वस्तू सांगा: चाकाच्या पाटीवर उभा हातभर उंचीचा रंगवलेला लाकडी बैल, पाठीवर झूल, पुढे दोरी, दोरीचं टोक पोराच्या हातात. शक्यतो इंग्रजीत. तेवढ्यानं नाही जमलं तर लोरा (म्हणजे आपल्या थोड्या फोटोंवर शिकवून मोठ्या मॉडेलला लावायची छोटी जोड) ट्रेन करा, मी गल्लीतले २५ फोटो घेऊन केला. पहिल्यांदा आळस केला, सगळ्यांना एकच ओळ चिकटवली, तर प्रत्येक चित्रात आमच्या अंगणातली फरशी यायला लागली बाप्पा! बरोबरच आहे ना, फरशीचं नाव कुठंच नव्हतं म्हणून त्याला ती बैलाचाच भाग वाटली. मग एका रविवारी बसून प्रत्येक फोटोखाली फरशी, भिंत, ऊन सगळं वेगवेगळं लिहिलं, तेव्हा बैल सुटा झाला.

पोरांची बोटं अजून मधूनमधून वाकडी येतात. आणि बॅनरवरची मराठी अक्षरं मी त्याच्याकडून काढूनच घेत नाही, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः टाईप करतो.