डकारमध्ये भीक मागणारी मुले अनाथ असतात का? त्यांना पैसे द्यावेत का?

बहुतेक मुले अनाथ नसतात. सेनेगलच्या या राजधानीत टोमॅटोचा रिकामा डबा घेऊन चौकाचौकांत फिरणारी ही मुले प्रामुख्याने ‘तालिबे’, म्हणजे कुराण शिकण्यासाठी घरापासून दूर ठेवलेले विद्यार्थी असतात. आईवडील सेनेगलच्याच एखाद्या खेड्यात किंवा शेजारच्या गिनी-बिसाऊ, गांबियासारख्या देशांत असतात, आणि मुलाला धर्मशिक्षण मिळेल या विश्वासाने त्यांनी त्याला ‘माराबू’ म्हटल्या जाणाऱ्या गुरूच्या स्वाधीन केलेले असते.

ही प्रथा मुळात पैशांसाठी नव्हती, हे सांगणे मला आवश्यक वाटते. खेड्यातल्या ‘दारा’ नावाच्या निवासी पाठशाळेत मुले गुरूच्या शेतात राबत आणि घरोघरी शिजवलेले अन्न मागत. मागण्याने अंगी नम्रता येते, अशी त्यामागची धारणा होती. माधुकरी मागून शिकलेल्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची आठवण असलेल्यांना ती परकी वाटणार नाही. पुढे 1970 च्या दशकातील दुष्काळांनी शेती खालावली, अनेक गुरू मुलांसह शहरांत आले, आणि तिथे शेतच नसल्यामुळे अन्नाची जागा रोख रकमेने घेतली. आज शहरांतील अनेक पाठशाळांत प्रत्येक मुलाला रोज ठरलेली रक्कम आणावीच लागते. ती कमी पडली की मार बसतो, आणि त्या धाकाने पळालेली मुले मग खरोखरच बेघर होतात. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने 2010 मध्ये अशा पाठशाळांत भीक मागायला लावलेल्या मुलांची संख्या किमान 50,000 असल्याचा अंदाज मांडला होता. सर्वच गुरू असे नसतात. मुलांना भीक मागायला न लावता मनापासून शिकवणारेही आहेत.

दुसऱ्याला भीक मागायला लावून त्यावर कमाई करणे 2005 च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे आणि त्यासाठी 2 ते 5 वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. 2016 मध्ये राष्ट्राध्यक्ष माकी साल यांनी मुलांना रस्त्यावरून हटवण्याचे आदेशही दिले. तरीही खटले मोजकेच झाले, कारण धर्मगुरूंचा समाजावर आणि राजकारणावर मोठा प्रभाव आहे आणि त्यांना दुखावण्याची सत्ताधाऱ्यांची तयारी नसते. माझ्या मते खरी उणीव कायद्याची नसून या धैर्याची आहे.

म्हणून माझे उत्तर असे, की नाणी देऊ नयेत, कारण ती मुलाकडे राहत नाहीत. त्याला तिथेच खाता येईल असे अन्न द्यावे. डकारच्या वस्त्यांतील अनेक स्त्रिया एखाद्या तालिबेला नियमाने जेवू घालतात आणि त्याचे कपडे धुऊन देतात. तुम्ही तिथे काही काळ राहणार असाल, तर अशा शेजारणींच्या मदतीने एका मुलाच्या रोजच्या जेवणाची सोय लावणे तुम्हालाही शक्य आहे.