एमजीबीचा पुढचा भाग उघडण्यापूर्वी

१९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे स्टिअरिंग जड झाले की नवशिके प्रथम रॅकवर (स्टिअरिंगने सरकून चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्यावर) संशय घेतात. माझ्या अनुभवात मात्र दोष बहुधा किंगपिनमध्ये, म्हणजे पुढचे चाक ज्या उभ्या पिनेवर वळते तिच्यात, असतो. गोव्याची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे ग्रीस न भरलेल्या पिनांवर गंज चढतो, म्हणून प्रत्येक बाजूचे तिन्ही ग्रीस निपल (ग्रीस भरण्याची तोंडे) आधी साफ करून पाहावेत.

पुढच्या चाकाची स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते व सुटल्यास हात मोडू शकतो, तेव्हा लोअर आर्मखाली (चाक खालून धरणाऱ्या दांड्याखाली) जॅक भक्कम लावल्याशिवाय किंगपिनचा वरचा बोल्ट काढू नये, कारण येथे लीव्हर शॉक ॲब्सॉर्बरचा दांडाच वरच्या आर्मचे काम करतो. किंगपिनचे नवे बुश (पिन ज्यांत फिरते त्या धातूच्या नळ्या) बसवल्यावर ते रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाचे करणाऱ्या हत्याराने, मापात आणावे लागतात. हे काम म्हापशातील किंवा फोंड्यातील जाणत्या टर्नरकडे द्यावे, घरी कानशीने घासू नये. सस्पेन्शनमधील रबरी बुशांचे नट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळावेत, अन्यथा रबर पिळवटून लवकर फाटते. रॅकमध्ये ग्रीस नव्हे, ईपी ९० गिअर ऑइल घालावे. टो-इन (पुढची चाके समोरच्या बाजूला जितकी आत वळलेली असतात ते माप) सुमारे दीड ते सव्वादोन मिलिमीटर ठेवावे.